दोन वेळा गोळी घेणाऱ्या मोठ्या कुत्र्याला घर मिळतं का?

लातूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी अंबाजोगाई रस्त्याला एका ढाब्यामागं त्यांना लॅब्राडोर सापडला. नर, अंदाजे सहा वर्षांचा, वजन 41 किलो. अंगभर गोचीड, शेपटीचे आणि कुशीचे केस गेलेले. डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉईड कमी, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी पुरेसं काम करत नसल्याचं सांगितलं, खुब्याचे सांधेही थोडे झिजलेत म्हणाले. घरी भाड्याच्या दोन खोल्या, नऊ वर्षांची मुलगी, आणि घरमालकांनी मे अखेरपर्यंतची मुदत दिलेली. मुलीनं नाव ठेवलंय भालू. ताई विचारतात, "आजाराचं सांगितलं की लोक फोन ठेवून देतात. न सांगता द्यावं का? की ओळखीच्या एकांच्या शेतावर सोडावं? ते राखणीला न्यायला तयार आहेत."

मी परभणीत पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. 2008 पासून बायको आणि मी टाकून दिलेली मोठी कुत्री घरी आणून बरी करतो आणि पुढं घर बघून देतो. मी डॉक्टर नाही. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. मी सांगतोय ते सांभाळण्याचं आणि घर शोधण्याचं.

ताई, भालू आजारी आहे म्हणून लोक नाही म्हणतात, असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, तो आजार म्हणजे रोज नेमकं काय करायचं हे त्यांना कळत नाही, म्हणून ते नाही म्हणतात. "थायरॉईड आहे, सांधे गेलेत" एवढं कानावर पडलं की माणूस मनातल्या मनात दवाखान्याच्या चकरा आणि रात्रीची जागरणं मोजायला लागतो. खरं तर हे दुखणं म्हणजे सकाळ-संध्याकाळ गोळी, मोजून खाणं, घसरणार नाही अशी जमीन आणि अधूनमधून रक्ततपासणी. पण हे तुम्ही तोंडानं सांगून कुणाला पटणार नाही. दोन महिने करून, लिहून, दाखवावं लागेल. फॉस्टर, म्हणजे घर मिळेपर्यंत सांभाळणारे, म्हणून तुमच्या वाट्याला आलेलं खरं काम हेच आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी उरकतो. हा कुत्रा टाकलेलाच आहे की हरवलेला, याची खात्री केलीत का? दवाखान्यात नेलंत तेव्हा मानेच्या कातडीखाली मालकाची ओळख पटवणारी चिप आहे का ते यंत्र फिरवून बघितलं का? लातूरच्या दोन-चार खाजगी दवाखान्यांत फोटो लावा, पोलीस ठाण्यात एक अर्ज देऊन ठेवा. पुढं कुणी मालकी सांगत आलं तर तोच कागद कामाला येतो. जनावर जाणूनबुजून टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून टाकणारा सहसा परत येत नाही. हरवलेल्याचा मालक मात्र वेडापिसा होऊन शोधत असतो. दुसरं, लसीचा पत्ता नसेल तर लस दिलेलीच नाही असं धरून चाला. रेबीजची लस आधी, बाकीच्या डॉक्टर म्हणतील तशा. खेळताना मुलीला दात लागला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावत बसू नका. नसबंदी झाली नसेल तर ती घर देण्याआधीच व्हावी, पण अंगात ताकद आल्यावर.

आता थायरॉईड. यावर जरा सविस्तर बोलतो, कारण इथं घाई होते.

रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याचा थायरॉईडचा आकडा एकदा कमी आला म्हणजे तो आयुष्यभराचा थायरॉईडचा रोगी ठरला, असं नाही. गोचीड चावून होणारा गोचीडताप असेल, उपासमार झाली असेल, खाजेसाठी कुणी स्टेरॉईडचं इंजेक्शन टोचलं असेल, तरी तो आकडा खाली जातो. शरीर दुसऱ्या दुखण्याशी झुंजत असताना थायरॉईड मंद होतो. मूळ दुखणं बरं झालं की आकडा आपोआप वर येतो. तुमच्या भालूच्या अंगावर गोचीड होते. म्हणजे गोचीडतापाची तपासणी झाली का, रक्तातल्या प्लेटलेट किती होत्या, हे आधी बघा. निघाला तर डॉक्सिसायक्लिन या जंतुनाशक गोळीचा कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो. ती गोळी भरल्या पोटी, वर पाणी जाईल अशी द्यायची, नाहीतर अन्ननळीत चिकटून जखम करते. कुत्रा आठव्या दिवशी उड्या मारायला लागला म्हणून कोर्स अर्धवट सोडणारे मी पुष्कळ बघितलेत.

दुसऱ्या बाजूनं, वजन 41 किलो, सुस्ती, दोन्ही कुशींवर सारखेच केस गेलेले आणि शेपटी उंदरासारखी, ही लक्षणं खऱ्या थायरॉईडकडंच बोट दाखवतात. उपाशी फिरलेल्या कुत्र्याचं वजन एवढं नसतं. म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा: टी-फोर (थायरॉईडचं हार्मोन) सोबत टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन) तपासलं होतं का, आणि गोचीडतापाचा उपचार संपल्यावर पुन्हा तपासायचं का? गोळी सुरू केलेली असेल तर मनानं बंद करू नका. शंका असेल तर उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे, आमच्या परभणीतही आहे. सगळे रिपोर्ट एका पिशवीत घालून तिथं एकदा दाखवा. खुब्याच्या एक्स-रेचंही तिथंच विचारा.

गोळीची एक गंमत नव्हे, अडचण सांगतो. माणसाला थायरॉईडची गोळी साधारण 50 ते 100 मायक्रोग्रॅमची, दिवसातून एकदा असते. कुत्र्याचं शरीर हे औषध फार लवकर संपवतं, त्यामुळं त्याला किलोमागं 20 मायक्रोग्रॅमच्या आसपास, तेही दोन वेळा लागू शकतं. 32 किलोच्या कुत्र्याला एका वेळेला साडेसहाशेच्या घरात. आमच्याकडच्या पहिल्या थायरॉईडच्या कुत्रीची चिठ्ठी घेऊन मी मेडिकलवर गेलो तर दुकानदारानं चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाला, "साहेब, शून्य जास्त पडलंय. हे मी देत नाही." त्याचं काही चुकलं नव्हतं. डॉक्टरांना फोन लावून दिला तेव्हा त्यानं औषध काढलं. दत्तक घेणाऱ्या घरात हा प्रसंग तुमच्या पाठीमागं घडला, तर ते घाबरून डोस कमी करतात किंवा गोळीच थांबवतात. म्हणून डॉक्टरांकडून स्वच्छ अक्षरात चिठ्ठी घ्या: कुत्र्याचं वजन, डोस, आणि "ही मात्रा कुत्र्यासाठी बरोबर आहे" असं एक वाक्य.

गोळी रिकाम्या पोटी, खाण्याच्या तासभर आधी दिलेली चांगली. आम्ही ज्वारीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा नखाएवढा काढतो, त्यात गोळ्या गुंडाळतो आणि देतो. पापुद्रा मऊ असतो, चावावा लागत नाही, गिळला जातो. दह्यात किंवा दुधात देऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही. रोज एकाच वेळी, एकाच पद्धतीनं द्या. गोळी सुरू झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात, आणि नमुना गोळी दिल्यानंतर चार ते सहा तासांनी काढतात, म्हणून दवाखान्याची वेळ ठरवताना गोळीची वेळ डॉक्टरांना सांगा. तरतरी एक-दोन आठवड्यांत दिसते. केस यायला तीन-चार महिने लागतात. कुत्रा रात्रभर येरझाऱ्या घालायला लागला, सारखं पाणी प्यायला लागला, खाऊनही झरझर वजन उतरलं, तर डोस जास्त होत असेल. लगेच कळवा.

सांध्यांचं सांगायचं तर निम्मं औषध वजनात आहे. भालू 32 ते 34 किलोचा असायला हवा. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे 400 ते 800 ग्रॅम उतरलं तर पुरे. त्याहून घाई नको. भाकरी कमी करा, त्या जागी उकडलेला लाल भोपळा किंवा दुधी घाला, म्हणजे पोट भरल्यासारखं वाटतं. अंडं, बिनमिठा-मसाल्याचं चिकन चालतं. उरलेला शेरवा भाकरीवर ओतून देण्याची आपल्याकडं पद्धत आहे. त्यात कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याच्या रक्ताला घातक. शिजवलेली हाडं आणि द्राक्षं-बेदाणेही नकोत. खाणं दोन वेळांत विभागून द्या आणि खाल्ल्यावर तासभर पळवू नका. मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा बसतो. पोट टणक झालं, ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा.

जमिनीकडंही बघा. खुबा दुखणारा कुत्रा पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडीनं टाकतो, आणि गुळगुळीत फरशीवर उठताना ते पाय दोन दिशांना फाकतात. एकदा असा फाकला की तो उठायलाच घाबरतो आणि लोक म्हणतात आळशी झालाय. जुन्या घरातली खरबरीत शहाबादी त्याला बरी, चकचकीत टाइल्स वाईट. त्याच्या जागेपासून दारापर्यंत बारदान किंवा जुनी सतरंजी अंथरा, कडा सरकणार नाहीत अशा दाबून. मऊ मातीच्या रानात पहाटे वीस मिनिटं चालवणं त्याच्यासाठी उत्तम. आणि कितीही लंगडला तरी घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड जातं.

तसंच गोचीडांसाठी कपाशीवरचं फवारणीचं औषध अंगाला लावू नका. जिंतूरकडच्या एका वस्तीवर असा फवारलेला कुत्रा मी बघितलाय. तोंडातून लाळेची धार, सगळं अंग थरथरतंय, आणि शेजारी मालक रडतोय, कारण त्यानं ते मायेपोटीच केलं होतं. डॉक्टर वजन बघून थेंब किंवा गोळी देतात, तीच वापरा. उरलेले गोचीड चिमट्यानं, कातडीलगत धरून सरळ ओढा. कानाच्या आत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात रोज बघा.

उन्हाळा तोंडावर आहे. लठ्ठ लॅब्राडोरला आपला एप्रिल-मे झेपत नाही. सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतरच बाहेर. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी अजिबात नको. एवढा कुत्रा दिवसाला अडीच लिटर पाणी सहज पितो, उन्हाळ्यात जास्तच. धापा थांबत नाहीत, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटले, तर सावलीत घेऊन पोटाला आणि पंजांना साधं पाणी लावा, पंखा लावा, आणि तसंच दवाखान्यात न्या.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडं येतो. न सांगता द्यावं का?

नाही. मी हे एकदा केलंय. आमच्याकडं एका जर्मन शेफर्डला झटके यायचे. औषधावर महिन्या-दोन महिन्यांतून एखादा. मी दत्तक घेणाऱ्यांना सांगितलं, "कधीतरी थोडं होतं त्याला." खोटं नव्हतं, पण मऊ करून सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात रात्री त्याला झटका आला. त्या घरातल्या आजींना वाटलं कुत्रा पिसाळला. त्यांनी त्याला खोलीत कोंडलं आणि सकाळी माझ्या दारात आणून सोडलं. आठवडाभर तो कोपऱ्यातून उठला नाही. आजींची त्यात काय चूक? झटका कसा दिसतो, किती वेळ टिकतो, तेव्हा तोंडात हात न घालता फक्त बाजूला बसायचं, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी मी झटक्याचा व्हिडिओच दाखवला. पाच जणांनी तो बघून नको म्हटलं. सहावे सेलूचे एक निवृत्त शिक्षक. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि विचारलं, "गोळी किती वाजता असते?" मला तेव्हाच कळलं की घर मिळालं. त्यांच्या पत्नीला स्वतःला रक्तदाबाची आणि थायरॉईडची गोळी चालू होती. त्यांच्या उशाशी दोन डबे असायचे, निळा त्यांचा आणि लाल कुत्र्याचा. तो तिथं सात वर्षं जगला.

तेव्हापासून मी अशी घरंच शोधतो, जिथं रोजची गोळी घरात आधीपासून आहे. अशा घरात गोळी विसरली जात नाही आणि तिची भीतीही नसते. फक्त डबे वेगळे हवेत, आणि माणसांची औषधं कुत्र्याच्या तोंडाला येणार नाहीत इतकी उंच. माणसं वयस्कर असतील तर आणखी एक बघा. 35 किलोच्या कुत्र्यानं मांजर बघून झेप घेतली तर ती त्यांना आवरेल का? म्हणून या दोन महिन्यांत भालूला छातीच्या पट्ट्यावर, न ओढता चालायला शिकवा. तेवढ्यानं त्याची घरं दुप्पट होतील.

शेताचं विचाराल तर राखणीला न्यायला तयार असलेले गृहस्थ भलेच असतील. पण मी त्यांना एकच विचारेन: आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, राहतं कोण? मालक गावात राहत असेल आणि कुत्रा सालगड्याच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या, भरवशावर असेल, तर त्याचं साल गुढीपाडव्याला संपतं. यंदाचा माणूस गोळी देईल, पुढचा देईलच असं नाही, आणि त्याला कुणी सांगणारही नाही. शिवाय उघड्यावर गोचीड पुन्हा लागणार, आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याचे सांधे आखडतात. तेच कुटुंब बारा महिने आखाड्यावर नांदत असेल, वर पक्कं छत असेल, घरातली एखादी बाई किंवा पोरगा गोळीची जबाबदारी तोंडानं घेत असेल, तर शेतासारखी जागा नाही. माझी दोन कुत्री अशा आखाड्यांवर छान राहिली. ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला दिवाळीनंतर घर बंद होतं का, तेही विचाराच.

वही घाला. साधी शंभर पानी. तारीख, गोळीच्या वेळा, खाल्लं काय, शी कशी झाली, किती चालला, लंगडला का. आठवड्याला एकदा वजन. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ओळखीच्या आडतीवर (दलालाच्या दुकानात) इलेक्ट्रॉनिक काटा असतो, त्यावर त्याला उभं करा. औषधांची बिलं मागं चिकटवा. एका वेळेला साडेसहाशेची मात्रा ठरली तर 100 मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांच्या महिन्याला साधारण चार बाटल्या लागतील, त्यांची तुमच्या दुकानातली किंमत लिहा, म्हणजे खर्च किती हे विचारणाऱ्याला बिलच दाखवता येईल. आणि स्वभावही लिहा: मुलगी ताटाजवळ आली तर गुरगुरतो का, शेळी-कोंबडी बघून काय करतो, वरातीच्या बँडला घाबरतो का, एकटा किती तास राहतो. पहिल्या तीन आठवड्यांत कुत्र्याचा खरा स्वभाव कळत नाही, तो दबून असतो. तुम्ही आत्ता त्याच टप्प्यावर आहात, म्हणून "फार शांत आहे" असं कुणाला सांगायची घाई करू नका.

जाहिरातीत आजार दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात येऊ द्या. "भालू, सहा वर्षांचा लॅब्राडोर, मुलांमध्ये रमतो. सकाळी सात आणि संध्याकाळी सातला थायरॉईडची गोळी, भाकरीत देता येते. जिने चढायला लावू नका. महिन्याचा औषधखर्च अमुक." सोबत सापडल्या दिवशीचा फोटो, आजचा फोटो आणि वहीचं एक पान. फोन कमी येतील. जे येतील ते पुढं बोलतील. घरी जाऊन बघितल्याशिवाय देऊ नका, भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी स्वतः बोला. 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं तुमच्या लातूरला पाणी येत होतं तेव्हा, एका चांगल्या घरानं माझा कुत्रा परत दिला. आजाराची तक्रार नव्हती. धुण्या-पिण्याला पाणी पुरेना. तेव्हापासून पाण्याचंही विचारतो. आधी पंधरा दिवस बघायला द्या, मग साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. त्यात एक ओळ पक्की: सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा तुमच्याकडंच परत येईल, परस्पर कुणाला दिला जाणार नाही. मे महिन्यात द्यायची वेळ आली तर छोटा हत्ती टेम्पो पहाटे चारला सांगा, ऊन चढायच्या आत पोचायला हवं. ज्या सतरंजीवर तो झोपतो ती न धुता सोबत द्या, नव्या घरात पहिल्या रात्री त्याला तोच एक ओळखीचा वास असतो.

शेवटी तुम्ही लिहिलंय की मुलगी आत्तापासूनच रडते, तिला यापासून लांब ठेवावं का. माझ्या मते तिलाच वही लिहायला द्या. नऊ वर्षांच्या पोरीचं अक्षर त्या वहीत दिसलं की घ्यायला आलेला माणूस पानं उलटून वाचतोच. पहिल्या पानावर नाव, वजन 41 आणि आजची तारीख. मग येत्या रविवारी आडतीवरची गर्दी ओसरली की दोघांना घेऊन मोंढ्यात जा, आणि काट्यावरचा आकडा तिलाच मोठ्यानं वाचू द्या.